कोठी, दफ्तर आणि खोळंबा

नाशिक रोड स्थानक मागे टाकून मनमाडकडे निघालेली गाडी ओढ्याच्या आसपास आली म्हणजे एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्राची धुरांडी दिसू लागतात, आणि डब्यातला कोणीतरी वडीलधारा हटकून त्यांच्याकडे बोट करून सोबतच्या मुलाला 'इथं वीज तयार होते' म्हणून सांगतो. विधान खरेच आहे. मात्र त्या आवारात रोज कामाला जाणाऱ्या कितीतरी माणसांचा विजेच्या निर्मितीशी प्रत्यक्ष संबंध येत नाही, ही गोष्ट त्या वडीलधाऱ्याच्या गावीही नसते, आणि असण्याचे कारणही नाही. कोणी भांडारात बेअरिंगांच्या पेट्या मोजून घेत असतो, कोणी आस्थापना शाखेत सेवापुस्तकातली वेतननिश्चिती ताडून पाहत असतो, कोणी आलेल्या टपालावर आवक क्रमांक टाकीत असतो, कोणी वाहनांची लॉगबुके तपासतो, कोणी विश्रामगृहाच्या खोल्यांची वाटणी करतो, तर कोणी वसाहतीतल्या गळक्या छताच्या अर्जावर 'स्थापत्य विभागाकडे अग्रेषित' असा शेरा मारून तो अर्ज आपल्या टेबलावरून हलवितो. ह्या सर्वांच्या कामाला प्रस्तुत ग्रंथाच्या कर्त्यांनी 'पूरक सेवा' असे नाव दिले असून सरकारी खात्यात त्या सेवांचे व्यवस्थापन कसे चालते, कसे चालावे आणि कोठे अडते, ह्याचे विवेचन करण्याचा संकल्प सोडला आहे. मराठीत ह्या विषयावर नियमपुस्तिका पुष्कळ आहेत. विचार करून लिहिलेले पुस्तक मात्र विरळा, आणि म्हणूनच ही प्रस्तावना लिहिण्याचे मी आनंदाने पत्करले.

पूरक सेवेची व्याख्या करणे वाटते तितके सोपे नाही. खात्याचे जे मुख्य कर्तव्य, मग ते वीज निर्माण करण्याचे असो, रस्ते बांधण्याचे असो, महसूल वसूल करण्याचे असो वा रोग्यांवर उपचार करण्याचे असो, ते बाजूला काढल्यावर मागे जे उरते, आणि ज्यावाचून ते मुख्य कर्तव्य आठवडाभरही निभणार नाही, ते सारे पूरक सेवेत मोडते, अशी स्थूल व्याख्या ग्रंथकर्त्यांनी केली आहे व व्यवहाराला ती पुरेशी आहे. सीमारेषा सरकते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. एकलहऱ्याहून थोड्याच अंतरावर, नाशिक रोडलाच, १९२५ पासून टपालाची तिकिटे आणि मुद्रांक छापणारे प्रतिभूती मुद्रणालय आहे. इतर कचेऱ्यांत कागद मोजून घेणे हे कारकुनाचे किरकोळ काम, तर तिथे तेच जवळजवळ मुख्य कर्तव्याच्या पदवीला पोचते. एवढा अपवाद सोडला तर खाते कोणतेही असो, भांडार, आस्थापना, लेखा, टपाल, अभिलेख, वाहने, इमारती, सुरक्षा ही शाखांची नावे बदलत नाहीत. एका खात्यात मुरलेला भांडारपाल दुसऱ्या खात्यात गेला तर महिन्याभरात रुळतो, आणि त्याच खात्यातला नामांकित अभियंता भांडाराच्या खुर्चीवर नेऊन बसविला तर वर्षभर चाचपडतो, हे प्रत्येकाने पाहिलेले असते; तरीसुद्धा ह्या कामाची म्हणून काही एक स्वतंत्र विद्या आहे असे मानण्याची आपल्याकडे चाल नाही.

ही चाल नसण्याला कारण आहे. इंग्लंडातील सनदी नोकरीच्या सुधारणेविषयी नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांनी १८५४ साली जो अहवाल दिला, त्यात सरकारी कामाची बौद्धिक आणि यांत्रिक अशी वाटणी करावी व दोहोंसाठी माणसेही निरनिराळी निवडावीत, असे तत्त्व मांडले होते. पुढे ते तत्त्व हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांत पुरते मुरले. धोरण ठरविणारा तो साहेब आणि नक्कल करणारा, जावक लिहिणारा, कोठीची किल्ली सांभाळणारा तो कारकून, अशी ती वर्णव्यवस्था आजही टिकून आहे. इतकी, की एखाद्या तांत्रिक केंद्रात कोणाची बदली भांडारात झाली म्हणजे सहकारी त्याच्याकडे काहीशा सहानुभूतीने पाहतात. इंग्रजांच्या आधी आपल्याकडे स्थिती अशी नव्हती.

शिवछत्रपतींच्या आठ प्रधानांची नावे शाळकरी पोरालाही पाठ असतात, परंतु त्याच राज्याचे अठरा कारखाने आणि बारा महाल क्वचितच कोणाला सांगता येतात. खजिना, अंबारखाना, दफ्तरखाना, जामदारखाना, तोफखाना, दारूखाना, पीलखाना, उष्ट्रखाना, फरासखाना, मुदबखखाना, आबदारखाना ही त्या कारखान्यांपैकी काही नावे; आणि पोते, कोठी, पागा, इमारत, पालखी, टांकसाळ ही महालांपैकी काही. तंबू-कनाती, पिण्याचे पाणी, स्वयंपाक, धान्य, वस्त्रे, कागदपत्रे, जनावरे, बांधकाम, ज्याला आज आपण पूरक सेवा म्हणतो ते झाडून सारे ह्या यादीत आहे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र अंमलदार व स्वतंत्र हिशेब आहे. गडावरची रचना तर विशेष लक्षात घेण्याजोगी. हवालदार, सरनोबत आणि सबनीस ह्या बरोबरीच्या तिघांनी एकविचाराने कारभार करायचा, आणि अंबाराचा व जंगी सामानाचा जमाखर्च कारखानिसाच्या हातून लिहिला जायचा. गड एकाच्या मर्जीवर राहू नये, हा हेतू उघड आहे. आजच्या सरकारी भांडारात मागणी करणारा एक, माल देणारा दुसरा आणि त्याची किंमत पुस्तकात चढविणारा तिसरा, हे जे तीन हात आग्रहाने निराळे ठेवलेले असतात, त्यांची कुळी इथपर्यंत पोचते.

परंतु त्या काळच्या कारभाऱ्यांची दृष्टी चोरीच्या भयापाशीच थांबलेली नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या दारूखान्याविषयी जी सूचना आहे, ती आजच्या कोणत्याही भांडारपालाने वाचावी अशी आहे: दारूचा साठा वस्तीच्या घराजवळ नसावा, आणि आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः हजर राहून दारू, बाण वगैरे सामान बाहेर काढून त्याला ऊन द्यावे व पुन्हा मोहरबंद करून ठेवावे, असा तिचा भावार्थ. वस्तू कोठीत असणे आणि ती वापराच्या क्षणी उपयोगी पडणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अमात्यांना पक्के ठाऊक होते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीला गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र त्याहून प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि गवत आजच बेहिशेब उधळाल तर पुढे ते मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरी दाणे, भाकर, गवत, भाजी मागू लागतील आणि त्या गरिबांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज जाईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र उतरते. राज्य स्थापन करणारा पुरुष वैरणीच्या गंजीचा विचार करतो ह्याचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या पत्रातील हिशेबाची तऱ्हा अधिक मोलाची वाटते. दाणा किती खर्ची पडला एवढ्यावर महाराज थांबत नाहीत. दाणा वेळेवर हाती नसला तर काय काय बुडेल, कोण नाडला जाईल आणि राज्याविषयी रयतेचे मत काय होईल, ह्याची ते किंमत बांधतात.

नेमकी हीच किंमत बांधण्याचे आपल्या आजच्या सरकारी दफ्तराने सोडून दिले आहे, असे माझे मत आहे, आणि ह्या ग्रंथाकडे वाचकाने त्याच दृष्टीने पाहावे अशी माझी सूचना राहील. आपल्या नोंदवह्यांना खर्च दिसतो, खोळंबा दिसत नाही. किती खिळे आले, किती गेले, किती उरले ह्याला रकाने आहेत. त्या खिळ्यांवाचून सुतार किती दिवस हात बांधून बसला होता ह्याला रकाना नाही. साहजिकच पूरक सेवेचा प्रमुख, मग तो कितीही सज्जन असो, हळूहळू खर्चाचा पहारेकरी होत जातो, कारण खर्चाबद्दल त्याला जाब विचारला जातो आणि खोळंब्याबद्दल कोणी कधी विचारीत नाही.

एकलहऱ्याचे उदाहरण ह्यासाठी अतिशय बोलके आहे, कारण तिथे खोळंबा मोजणारी आणि न मोजणारी अशा दोन्ही तऱ्हा एकाच आवारात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी अस्तित्वात आले आणि पुढल्या दहा-अकरा वर्षांत, १९७० व १९७१ साली, एकलहऱ्याला प्रत्येकी १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. १९७९ ते १९८१ ह्या काळात २१० मेगावॅटच्या आणखी तीन संचांची भर पडली. ते पहिले दोन संच आता निवृत्त झाले आहेत. मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन निर्मितीचा भाग महानिर्मिती कंपनीकडे आला, म्हणजे कायद्याच्या भाषेत हे आता खाते राहिलेले नाही, सरकारच्या मालकीची कंपनी आहे. परंतु जुनी मंडळी अजून 'बोर्डात नोकरीला होतो' असेच सांगतात, आणि दफ्तराची ठेवणही पुष्कळशी बोर्डाचीच आहे. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला तीन ते साडेतीन हजार टन कोळसा खातो. अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींची एक मालगाडी साधारण तेवढाच कोळसा आणते. ढोबळमानाने बोलायचे तर एका संचाला रोज एक मालगाडी लागते.

आता ही मालगाडी केंद्राच्या सायडिंगवर आली की काय होते ते पाहावे. रेल्वेने वाघिणी रिकाम्या करून परत देण्यासाठी ठराविक तासांची सवलत दिलेली असते. ती उलटली की वाघिणीमागे आणि तासामागे विलंबाचा दंड, म्हणजे डेमरेज, चढू लागतो. पावसाळ्यात कोळसा भिजून वाघिणीच्या तळाला चिकटून बसला, वाघिणी उलट्या करणारा टिपलर बिघडला, मोठमोठे दगड जाळीवर अडकले, कारण काहीही असो, रेल्वेचे घड्याळ थांबत नाही. म्हणून सायडिंगवरचा कर्मचारी गाडी केव्हा लागली, केव्हा रिकामी झाली हे मिनिटासकट लिहून ठेवतो; रात्री दोन वाजता टिपलर अडला तर माणसे झोपेतून उठवून आणली जातात; आणि महिन्याअखेरीस डेमरेजचा आकडा वरिष्ठांच्या टेबलावर गेला म्हणजे त्याची कारणे द्यावी लागतात. अर्थातच सायडिंगवरची माणसे भांडारातल्या माणसांहून जात्या अधिक कर्तव्यदक्ष असतात असे कोणी म्हणणार नाही. फरक एवढाच की तिथे परक्या खात्याने खोळंब्याला भाव लावून दिला आहे, आणि तो भाव रुपयांत असल्यामुळे लेखा शाखेला दिसतो.

त्याच आवारातील भांडाराच्या खिडकीवर आता यावे. हे दृश्य कोणत्याही मोठ्या सरकारी कारखान्यात पाहावयास मिळेल. रॅकच्या प्रत्येक खणाला दोरीने एक बिनकार्ड बांधलेले असते. त्यावर जमा, खर्च, शिल्लक असे रकाने, कोपरे तेलकट बोटांनी काळवंडलेले, आणि शिल्लकेच्या आकड्याखाली प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाची सही. देखभाल विभागाचा फिटर मागणीपत्र घेऊन येतो. मागणीपत्रावर उपअभियंत्याची सही असते, पण खर्चाचा संकेतांक चुकलेला असतो, म्हणून ते परत जाते. दुरुस्त होऊन येते तोवर भांडारपाल जेवायला गेलेला असतो, आणि किल्ली त्याच्याकडेच असते, कारण किल्ली दुसऱ्याकडे देणे नियमाविरुद्ध आहे. दुपारी खण उघडला जातो तेव्हा कार्डावर शिल्लक दोन दिसते आणि खणात एकच नग असतो. मग चौकशी. ह्या सबंध घटनाक्रमात कोणी नियम मोडलेला नाही, कोणी लाच घेतलेली नाही, कोणी कामचुकारपणाही केलेला नाही. परंतु तो नग मिळेपर्यंत २१० मेगावॅटचा संच बंद ठेवावा लागला असेल, तर दिवसाला पन्नास लाख युनिटे वीज निर्माण व्हायची राहून गेली: दोनशे दहा मेगावॅट गुणिले चोवीस तास, हिशेब कोणीही करून पाहावा. तो आकडा संचाच्या नोंदवहीत 'सक्तीची बंदी' ह्या सदरात लिहिला जाईल, बिनकार्डावर तो कधीच उमटणार नाही, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवून वाचण्याचे काम कोणाच्याही कर्तव्यसूचीत सापडणार नाही.

ह्यावर लेखापरीक्षणाचा धाक हे कारण नेहमी पुढे केले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पॉल ॲपलबी ह्या अमेरिकन प्रशासनतज्ज्ञाने भारत सरकारच्या विनंतीवरून आपल्या राज्ययंत्रणेची पाहणी करून १९५३ साली अहवाल दिला, आणि त्याच्या शिफारशीनुसार १९५४ साली केंद्रात कार्यपद्धती सुधारण्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. परंतु १९५६ च्या आपल्या दुसऱ्या अहवालात त्याने महालेखापरीक्षकांच्या पद्धतीवर जी कडक टीका केली, ती त्या वेळी अनेकांना झोंबली. लेखापरीक्षणाच्या भीतीने अधिकारी निर्णय घेण्याचेच टाळतात, असा तिचा रोख होता. मला ही टीका अर्धीच मान्य आहे. लेखापरीक्षक नसता तर ज्या देशात सार्वजनिक पैशाला पाय फुटायला वेळ लागत नाही, तिथे काय झाले असते ह्याची कल्पना करवत नाही. परंतु लेखापरीक्षक त्याच्यापुढे जे ठेवले जाईल तेच वाचणार. खोळंब्याची नोंदच त्याच्यापुढे नसेल, तर त्याने पाच रुपयांच्या जादा दराचा आक्षेप काढावा आणि पाच लाख युनिटांच्या नुकसानीवर मौन पाळावे, ह्यात त्याचा दोष किती? दोष नोंदवही आखणाराचा आहे.

नोंदवही नीट आखली तर काय घडू शकते, ह्याचे दाखले आपल्याच प्रांतात आहेत, आणि ते ग्रंथकर्त्यांनी दफ्तराच्या प्रकरणात विस्ताराने घेतले आहेत. महाराष्ट्राला दफ्तराचे प्रेम जुने आहे. पेशव्यांचे मोडी कागद हजारो रुमालांत बांधून पुण्यात जपले गेले म्हणूनच गो. स. सरदेसायांना १९३० नंतर त्यातून निवडक पत्रांचे पंचेचाळीस खंड काढता आले. पण जपणे निराळे आणि हवा तो कागद हव्या त्या वेळी काढून देता येणे निराळे. महसूल खात्याने रुजविलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार करते: प्रलंबित प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतली प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची कागदपत्रे असे सहा गठ्ठे प्रत्येक टेबलावर असावेत, आणि अभिलेख कक्षात गेलेल्या कागदाला अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग मिळून त्याचे आयुष्य ठरून जावे. कागद जन्मतो तेव्हाच त्याच्या मरणाची तिथी लिहून ठेवणारी ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. दुर्दैवाने पुष्कळ कचेऱ्यांत तिचे सहा गठ्ठे तपासणीच्या आदल्या रात्री बांधले जातात.

अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी जे केले, ते ह्याच दिशेचे होते आणि 'लखिना पॅटर्न' म्हणून त्याचा बोलबाला झाला. जुन्या अभिलेखांची छाटणी केली, उरलेले ओळीने लावले, टेबलांची मांडणी बदलली, कामाच्या रीती लिहून काढल्या. वरवर पाहता ही साफसफाईच. कोणी महसूल दुप्पट केला नाही, कोणी नवा कायदा आणला नाही. पूरक सेवेतील सुधारणा अशीच असते, आणि म्हणूनच तिचे पोवाडे होत नाहीत. पुढे २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाने, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सामान्यतः सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये, अशी तरतूद केली. खोळंब्याला कायद्याने आकडा दिला तो इथे. मात्र रेल्वेच्या डेमरेजप्रमाणे त्याला भाव लावलेला नाही. सात दिवसांचे सतरा झाले तर त्याची शिक्षा चौकशीच्या मार्गाने जाते, आणि चौकशीची नस्ती कोणाच्या टेबलावर किती दिवस पडते हे पुन्हा कोणी मोजत नाही.

पूरक सेवा एका छत्राखाली आणाव्यात की प्रत्येक विभागाला आपापल्या द्याव्यात, हा वाद ग्रंथात बराच लांबला आहे. ग्रंथकर्त्यांचा कल एकत्रीकरणाकडे आहे. माझा तितका नाही. मोठ्या खरेद्या मुंबईत, बांद्र्याच्या प्रकाशगड ह्या मुख्यालयात बसून केल्या तर दर चांगले मिळतात ह्यात शंका नाही, आणि कोळसा, तेल, मोठी यंत्रे ह्यांच्या बाबतीत दुसरा मार्गही नाही. परंतु एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह किंवा दवाखान्यातली कापसाची गुंडाळी ही ज्याला गरज आहे त्याच्या नजरेच्या टप्प्यातल्या माणसाने विकत घ्यावी, हेच बरे. मागणाऱ्याचा चेहरा ज्याला दिसतो तो खोळंब्याची किंमत आपोआप बांधतो. ज्याला फक्त क्रमांक दिसतो तो बांधीत नाही. संगणकावरच्या सॅपसारख्या प्रणालींनी ही अडचण काही अंशी दूर केली आहे, कारण तिथे मागणी केव्हा नोंदली आणि माल केव्हा दिला ह्याची वेळ यंत्र स्वतः टिपून ठेवते. म्हणजे हवा असलेला रकाना आता तयार आहे. तो उघडून पाहण्याची सवय अजून तयार व्हायची आहे.

बाह्ययंत्रणेच्या प्रश्नावर ग्रंथकर्त्यांनी संयम राखला आहे. मी थोडे स्पष्ट लिहितो. एकलहऱ्याचा पहिला संच सुरू झाला त्याच १९७० साली देशात कंत्राटी कामगारांविषयीचा अधिनियम मंजूर झाला, हा योगायोग असला तरी बोधप्रद आहे. त्या वेळी बोर्डात झाडूवाला, माळी, शिपाई, वाहनचालक हे सारे मस्टरवरचे असत. आज सरकारी कारखान्यांत ही कामे बहुतांशी कंत्राटदाराकडे असतात, आणि सर्वांत कमी दर भरणाराला ती मिळतात. प्रकल्पासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आसपासच्या गावांतली मुलेही पुष्कळदा अशाच कंत्राटांत कामाला लागतात. पैसा वाचतो. पण कोणत्या व्हॉल्व्हला अर्धा आटा उलटा द्यावा लागतो, विश्रामगृहाच्या कोणत्या खोलीत पावसाळ्यात ओल येते, कोणती जीप थंडीत ढकलावी लागते, हे जे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत नसते आणि वीस वर्षे एका जागी राबलेल्या माणसाच्या अंगात मुरलेले असते, ते दर दोन वर्षांनी कंत्राटदार बदलला की गेटबाहेर जाते. त्याचाही खोळंबा होतो, आणि तो तर कोणत्याच यंत्राला टिपता येत नाही. ग्रंथकर्त्यांनी पुढील आवृत्तीत ह्या प्रश्नावर दोन पाने अधिक खर्चावीत.

वाहने, उपाहारगृह आणि सुरक्षा यांवरची प्रकरणे आटोपशीर आहेत व त्यांविषयी मला काही निराळे सांगायचे नाही. भाषा साधी आहे. मात्र शासननिर्णयांचे उतारे काही ठिकाणी जरुरीपेक्षा लांबले आहेत, ते वाचकाने ओलांडून पुढे गेले तरी चालेल.

शेवटचे प्रकरण निर्लेखनाचे आहे. बहुतेक वाचक तिथपर्यंत पोचण्यापूर्वीच पुस्तक मिटतील, कारण मोडीत काढायच्या मालात कोणाला रस वाटणार? माझी शिफारस उलट आहे: भांडारात नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याने ते प्रकरण सर्वांत आधी वाचावे. एखादा संच निवृत्त होतो तेव्हा त्याच्यासाठी घेतलेले सुटे भाग रॅकवर तसेच राहतात. त्यांची पाहणी होऊन अहवाल तयार होतो, समिती बसते, किंमत ठरते, मग लिलाव. त्या पाहणी अहवालाशेजारी मूळ मागणीपत्रे काढून ठेवली तर दिसून येते की कोणता भाग कधीच वापरला गेला नाही, तो कोणी आणि कशाच्या धास्तीने मागविला, आणि त्याच वर्षी कोणता दुसरा भाग नसल्यामुळे संच उभा राहिला. अभियंता दोनदा अडला की तिसऱ्या वेळी एकाऐवजी चार मागवितो, आणि जे चार अडगळ होऊन पडतात ते त्या पहिल्या दोन खोळंब्यांचेच बिल असते. हे कागद निर्लेखनाबरोबर 'ड' वर्गात घालून जाळून टाकण्याची रीत आहे. ते निदान नव्या संचाच्या सुट्या भागांची पहिली यादी मंजूर होईपर्यंत राखून ठेवावेत, अशी एक सूचना ग्रंथकर्त्यांनी त्या प्रकरणाच्या तळटीपेत केली आहे. तिची जागा तळटीपेत नाही, मजकुरात आहे, एवढे त्यांना मी कळविले आहे.